जुना संगणक आणि मधला दुभाष्या

आमच्या विद्यार्थिवाचकांच्या व त्यांच्या पालकांच्या मनांत सध्यां एक प्रश्न घोळत आहे, आणि तो घरखर्चाशीं जितका निगडित आहे तितकाच विद्येशींहि आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ह्या कार्यप्रणालीस मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केला. ज्या घरगुती गिऱ्हाइकांनीं वेगळी नोंदणी केली त्यांस सुरक्षेच्या दुरुस्त्यांपुरती आणखी एका वर्षाची मुदत मिळाली, इतकेंच. पुढील विंडोज ११ ही प्रणाली ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं बाहेर पडली. परंतु तिला विवक्षित प्रकारची सुरक्षा-चिप व ठराविक पिढीच्या पुढील प्रोसेसर लागतो. ह्या अटींत न बसणारा संगणक, मग तो कितीहि धडधाकट असो, कंपनीच्या लेखीं म्हातारा ठरला. ज्या घरांत थोरल्या मुलाच्या शिक्षणासाठीं पोटास चिमटा घेऊन संगणक घेतला आणि आतां धाकट्यांस तोच वापरावयाचा आहे, त्या घराने काय करावें?

ह्यास चार उत्तरें ऐकूं येतात. नवा संगणक विकत घ्यावा, हें पहिलें. पण अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्या कुटुंबास तें परवडतेंच असें नाहीं. आहे तसेंच चालूं द्यावें, हें दुसरें. पण ज्या दाराचें कुलूप दुरुस्त करणारा उरला नाहीं त्या दारामागें पैसे व कागदपत्रें ठेवणें शहाणपणाचें नव्हे. कोणाकडून तरी चोरटी प्रत आणून बसवावी, हें तिसरें. आणि हें उत्तर आमच्या समाजांत किती सहज दिलें जातें हें सांगणें नलगे. चौथें उत्तर असें कीं, त्याच यंत्रावर लिनक्स ही मोफत व मोकळी कार्यप्रणाली बसवावी, आणि जे कांहीं थोडे विंडोजचे प्रोग्रॅम सुटण्यासारखे नसतील ते वाइन नांवाच्या साधनाच्या मध्यस्थीनें चालवावे. आमचें मत ह्या चौथ्या उत्तराच्या बाजूचें आहे. मात्र तें आंधळेपणानें दिलेलें नाहीं; त्याच्या मर्यादा कोठें आहेत हेंहि स्पष्ट सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. पालकांनीं हें नांव ऐकून दचकूं नये; ह्या वाइनचा मद्याशीं कांहीं संबंध नाहीं. 'वाइन इज नॉट अॅन इम्युलेटर', म्हणजे 'वाइन हें नकली यंत्र नव्हे', ह्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांचें तें नांव आहे. आणि गंमत अशी कीं वाक्याचा पहिला शब्द पुन्हां तेंच नांव असल्यामुळें फोड करीत गेलें तर ती कधींच संपत नाहीं. लिनक्सचा आरंभ हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं केला, व त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९९३ मध्यें, बॉब अॅमस्टाट व एरिक यंगडेल ह्यांनीं वाइनचें काम हातीं घेतलें. त्या वेळच्या विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम लिनक्सवर चालावे, एवढाच त्यांचा हेतु होता. १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार्ड हे ह्या कार्याची धुरा वाहत आले आहेत. परंतु अनुकरण करावयाचें तेंच पुढें पळत असेल तर गांठावें कसें? विंडोज ९५, ९८, २०००, एक्सपी, व्हिस्टा अशा एकामागून एक आवृत्त्या निघाल्या. आणि वाइनची पहिली पूर्ण मानलेली आवृत्ति १७ जून २००८ रोजीं, म्हणजे पंधरा वर्षांनीं, प्रसिद्ध झाली. पंधरा वर्षें 'अजून तयार नाहीं' असें प्रांजळपणें सांगत काम करीत राहणें ही लहान गोष्ट नव्हे. परीक्षेच्या आदल्या रात्रीं पुस्तक उघडणारांनीं ह्या एका आंकड्याकडे क्षणभर पाहावें.

आतां वाइनचें काम कसें चालतें तें पाहूं. प्रोग्रॅम म्हणजे प्रोसेसरास दिलेल्या आज्ञांची यादी. विंडोज व लिनक्स ह्या दोन्ही प्रणाली एकाच जातीच्या प्रोसेसरावर चालत असल्यामुळें बेरीज, वजाबाकी, तुलना ह्या मूळ आज्ञा दोन्हींकडे सारख्याच असतात. त्यांचें भाषांतर करावें लागत नाहीं. अडचण येते ती दुसरीकडे. प्रोग्रॅमास पडद्यावर चौकट काढावयाची असेल, फाइल उघडावयाची असेल, अक्षरें उमटवावयाचीं असतील, तर तो तें काम स्वतः करीत नाहीं. कार्यप्रणालीस विनंति करतो. विंडोजचा प्रोग्रॅम फाइल हवी असतां 'क्रिएटफाइल' ह्या नांवानें हांक मारतो. लिनक्सच्या घरांत त्या नांवाचें कोणी नाहीं, तेथें तेंच काम 'ओपन' ह्या नांवाचा सेवक करतो. वाइन मध्यें उभा राहून पहिली हांक ऐकतो, दुसऱ्यास बोलावून काम करवून घेतो, आणि उत्तर पुन्हां पहिल्याच्या रिवाजानुसार परत करतो. पाहुण्यास आपण परक्या घरीं आहों ह्याची वार्ताहि लागत नाहीं. म्हणूनच वाइनला नकली यंत्र म्हणणें चूक आहे. नकली यंत्र म्हणजे पाहुण्यासाठीं अंगणांत त्याच्या घराची हुबेहूब प्रतिकृति उभारणें. वाइन म्हणजे त्याच्या शेजारीं एक चतुर दुभाष्या बसविणें. दुसऱ्या योजनेस खर्च कमी लागतो व कामाची गति फारशी मंदावत नाहीं.

पण दुभाष्याचें काम वाटतें तितकें सोपें नसतें. विंडोजमध्यें फाइलीच्या इंग्रजी नांवांतील अक्षरें मोठीं कीं लहान ह्याची पर्वा केली जात नाहीं. लिनक्समध्यें तीं दोन वेगळीं नांवें समजतात. विंडोजचा प्रोग्रॅम 'सी' नांवाचा कप्पा शोधतो; लिनक्समध्यें असे कप्पे नसून सर्व फाइली एकाच मूळापासून निघालेल्या झाडाच्या फांद्यांवर असतात. म्हणून वाइन वापरणाऱ्याच्या घडींत एक फोल्डर राखून ठेवतो व 'हाच सी' असें पाहुण्यास सांगतो. ह्याहून कठीण बाब अशी कीं, कित्येक प्रोग्रॅम विंडोजच्या लिखित नियमांवर नव्हे तर तिच्या अलिखित संवयींवर, क्वचित् तिच्या चुकांवरहि, विसंबून लिहिलेले असतात. तेथें वाइनला शुद्ध वागून चालत नाहीं; मूळांतील चूकहि तशीच वठवावी लागते. ह्यासाठीं वाइनच्या कर्त्यांनीं हजारों लहान लहान कसोट्या लिहून ठेवल्या आहेत. त्या प्रथम खऱ्या विंडोजवर चालवून तिचें वर्तन काय तें पाहावयाचें, आणि मग वाइनचें वर्तन त्याच्याशीं ताडून पाहावयाचें, अशी ही पद्धति आहे.

ह्या पद्धतींतील एक नियम आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावा असा आहे. मायक्रोसॉफ्टचा मूळ मजकूर ज्यानें पाहिला आहे, मग तो नोकरीमुळें असो वा कोठून फुटलेल्या प्रतीमुळें असो, त्यास त्या भागाचें वाइनचें काम करूं दिलें जात नाहीं. दुसऱ्याचें यंत्र बाहेरून न्याहाळावें, त्यास प्रश्न विचारावे, उत्तरें टिपावीं, आणि तसेंच काम करणारें दुसरें यंत्र आपल्या बुद्धीनें बांधावें, ही येथील शिस्त. शेजाऱ्याच्या पाटीवरून उत्तर उतरवून घेणें आणि उदाहरण समजून घेऊन स्वतः सोडविणें ह्यांतील अंतर शिक्षक वर्गांत नेहमीं सांगतात. तेंच अंतर येथें एका मोठ्या सार्वजनिक कार्याचा पाया झालेलें दिसतें. चोरट्या प्रतीचा मार्ग आम्ही त्याज्य मानतों तो केवळ पकडलें जाण्याच्या भीतीनें नव्हे. इतर लोकांनीं तीस वर्षांहून अधिक काळ झिजून सरळ मार्ग मोकळा करून ठेवला असतां आडवाटेनें जावें, ह्यांत आम्हांस लाज वाटावी. येथेंच हेंहि सांगून ठेवतों कीं, वाइन हा दुभाष्या आहे, परवाना नव्हे. जो प्रोग्रॅम विंडोजवर पैसे देऊन घ्यावा लागतो तो लिनक्सवरहि पैसे देऊनच घ्यावा लागतो.

ह्या योजनेवर तीन आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार करूं.

पहिला आक्षेप खुद्द लिनक्सच्या कांहीं अभिमान्यांचा आहे. ते म्हणतात, दुभाष्या मिळाला म्हणजे नवी भाषा शिकणार कोण? विंडोजचेच प्रोग्रॅम लिनक्सवर चालूं लागले तर कारखानदार लिनक्ससाठीं निराळे प्रोग्रॅम करणार नाहींत, व परावलंबन कायमचें राहील. ह्यास ते इतिहासांतील दाखला देतात. आयबीएम कंपनीची ओएस-टू ही प्रणाली १९९२ पासून विंडोजचे प्रोग्रॅम उत्तम रीतीनें चालवीत असे. तेव्हां तिच्यासाठीं वेगळे प्रोग्रॅम लिहिण्याचें कोणास अगत्य वाटेना, आणि अखेर ती मागें पडली, असें पुष्कळ जाणते मानतात. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु ओएस-टू ही एका कंपनीची विक्रीची वस्तु होती. विक्री थांबली कीं ती वस्तुहि संपली. लिनक्सचें तसें नाहीं. तो कोणा एकाच्या मालकीचा नाहीं, आणि त्याचे स्वतःचे असे प्रोग्रॅम आज विपुल आहेत. लेखनासाठीं व हिशेबाच्या तक्त्यांसाठीं लिब्रेऑफिस, जगाचीं पानें पाहण्यासाठीं फायरफॉक्स, चित्रांसाठीं गिंप, चलच्चित्रांसाठीं व्हीएलसी, हे सर्व तेथें दुभाष्यावांचून चालतात. केरळ राज्यांतील सरकारी शाळांत संगणकाचें शिक्षण लिनक्सवर उभारलेल्या मोकळ्या प्रणालीवरच दिलें जातें, व तेथील मुलें त्यामुळें मागें पडलेलीं नाहींत. तात्पर्य, आक्षेपकांचा इशारा आम्ही मान्य करतों, पण त्यांचा निष्कर्ष मान्य करीत नाहीं. नदी ओलांडावयास पूल हवाच. मात्र पुलावर बिऱ्हाड थाटूं नये.

दुसरा आक्षेप असा कीं, दुभाष्या अर्धवट आहे. हें खरें आहे, व तें लपविण्यांत अर्थ नाहीं. विंडोजच्या अगदीं गाभ्यांत शिरून काम करणारे प्रोग्रॅम वाइनच्या आटोक्याबाहेर राहतात. छापखान्याचें यंत्र, कागद टिपणारें यंत्र वगैरेंसाठीं विंडोजचे जे ड्रायव्हर येतात ते वाइनमधून बहुधा चालत नाहींत. त्या त्या यंत्रासाठीं लिनक्सचाच ड्रायव्हर असावा लागतो. लबाडी पकडण्यासाठीं प्रणालीच्या मुळाशीं पहारा बसविणारे कांहीं खेळ दुभाष्यास दाराबाहेरच उभा करतात. नामांकित कार्यालयीन व चित्रसंस्काराच्या प्रोग्रॅमांच्या अगदीं ताज्या आवृत्त्या पुष्कळदां रुसून बसतात, तर त्यांच्याच जुन्या आवृत्त्या निमूटपणें चालतात. आणखी एक धोका पालकांनीं विसरूं नये. विंडोजसाठीं लिहिलेला विषाणूहि शेवटीं एक प्रोग्रॅमच असतो, आणि दुभाष्या त्याचेंहि भाषांतर इमानानें करतो. वाइनमधून लिनक्सच्या साऱ्या फाइलींकडे जाणारी एक वाट सामान्यतः मोकळी असते. म्हणून 'लिनक्सवर विषाणूची भीति नाहीं' ह्या ऐकीव समजुतीवर विसंबून कोठूनहि आणलेला प्रोग्रॅम वाइनमध्यें उघडूं नये.

तरी पण अपुरेपणाच्या ह्या यादीसमोर दुसरी यादी ठेवणें न्याय्य होईल. व्हॉल्व्ह कंपनीनें ऑगस्ट २०१८ मध्यें वाइनवर आधारलेलें प्रोटॉन नांवाचें साधन काढलें, व त्यामुळें विंडोजसाठीं लिहिलेले हजारों खेळ लिनक्सवर चालूं लागले. फेब्रुवारी २०२२ मध्यें त्याच कंपनीनें विक्रीस आणलेलें स्टीम डेक हें हातांत धरून खेळावयाचें यंत्र तर बहुतांशीं ह्याच दुभाष्याच्या भरंवशावर उभें आहे. खेळासाठीं केलेल्या ह्या सुधारणा पुष्कळ अंशीं मूळ वाइनकडे परत येतात, आणि त्यांचा लाभ खेळ न खेळणारांसहि होतो.

तिसरा आक्षेप हा: अशी नक्कल कायदेशीर आहे काय? वाइनमध्यें मायक्रोसॉफ्टचा मूळ मजकूर नाहीं हें वर सांगितलेंच. प्रोग्रॅमांनीं प्रणालीस हांक मारण्याचीं नांवें दुसऱ्यानें वापरावीं कीं नाहीं, ह्याविषयीं अमेरिकेंत गूगल व ओरॅकल ह्या दोन कंपन्यांमध्यें दीर्घ वाद झाला. ५ एप्रिल २०२१ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्या प्रकरणांतील वापर न्याय्य ठरविला. तो वाद वाइनसंबंधीं नव्हता, तरी विचाराची दिशा त्यावरून समजते. शिवाय काळाचा महिमा असा कीं, २०१६ सालीं स्वतः मायक्रोसॉफ्टनेंच लिनक्सचे प्रोग्रॅम विंडोजवर चालविणारा उलट्या दिशेचा दुभाष्या आपल्या प्रणालींत बसविला; आणि ऑगस्ट २०२४ मध्यें मोनो हें आपल्याकडील एक मोठें कार्य वाइनच्या मंडळींच्या स्वाधीन केलें. कालचा प्रतिस्पर्धी आज शेजारधर्म पाळूं लागला, तर त्यांत प्रामाणिकपणें चालविलेल्या कामाचा वांटा मोठा आहे असें आम्हांस वाटतें.

मराठी घरांपुरती एक गोष्ट येथें वेगळी सांगितली पाहिजे. युनिकोड ह्या जागतिक संकेतांत देवनागरीस १९९१ सालींच जागा मिळाली. तथापि त्यानंतरहि कित्येक वर्षें आमचे मुद्रक, पत्रकार व लेखक निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या टंकांत मजकूर जुळवीत राहिले. तो टंक व तो विंडोजचा प्रोग्रॅम नसेल तर त्या फाइलींत मराठीऐवजीं इंग्रजी अक्षरांचा निरर्थक कोलाहल दिसतो. पूर्वजांचीं दप्तरें मोडी वाचणारा न उरल्यामुळें ज्याप्रमाणें मुकीं झालीं, तशीच ह्या फाइलींची गति होण्याचें भय आहे. कोणाच्या घरीं आजोबांचे लेख, एखाद्या मंडळाचा इतिहास वा कुटुंबाची वंशावळ अशा टंकांत अडकली असेल, तर जुना प्रोग्रॅम वाइनमधून उघडून मजकूर युनिकोडमध्यें आणून ठेवावा. ज्या प्रोग्रॅमास डोंगल जोडावा लागतो तो ऐन वेळीं हटून बसण्याचा संभव आहे. म्हणून हें काम जुनी विंडोज चालूं आहे तोंवरच करून घेणें अधिक शहाणपणाचें होय.

आतां प्रत्यक्ष काय करावें ह्याचा क्रम सांगतों. प्रथम घरांतील सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या साधनावर उतरवून ठेवावी. हें झाल्यावांचून पुढचें पाऊल टाकूं नये. मग आपण कोणते प्रोग्रॅम खरोखर वापरतों ह्याची कागदावर यादी करावी. ती बहुधा वाटते त्याहून आंखूड निघते. त्यांपैकीं ज्यांस लिनक्सचा स्वतःचा पर्याय आहे त्यांवर काट मारावी. जे उरतील त्यांच्याविषयीं वाइनच्या मंडळींनीं ठेवलेल्या नोंदवहींत पाहावें. तींत वापरणारांनीं प्रत्येक प्रोग्रॅमास प्लॅटिनम, सोनें, रुपें, कांसें अथवा केर अशी प्रतवारी दिलेली असते. त्यानंतर लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन, संगणकांतील मूळ प्रणालीस हात न लावतां, कांहीं दिवस चालवून पाहावा. पडदा, आवाज, जाळें व छापखान्याचें यंत्र नीट चालतात अशी खात्री पटली म्हणजेच तो कायमचा बसवावा. वाइन मुख्य अधिकाऱ्याच्या, म्हणजे 'रूट'च्या, नांवानें कधींहि चालवूं नये. आणि प्रत्येक मोठ्या प्रोग्रॅमास त्याचा वेगळा 'सी' कप्पा द्यावा, म्हणजे एकाचें बिघडलें तरी दुसऱ्यास त्याची बाधा होत नाहीं. ज्या घराचा चरितार्थ विंडोजच्याच एखाद्या प्रोग्रॅमावर अवलंबून आहे आणि तो वाइनमध्यें चालत नाहीं, त्यांनीं मात्र आमच्या भरीस पडूं नये. ऐपत होईल तेव्हां रीतसर नवें यंत्र घ्यावें. मताच्या अभिमानापायीं कोणाचा धंदा बुडावा असें आम्ही म्हणणार नाहीं.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक विनंति. विंडोजचा प्रोग्रॅम बंद पडला तर आपण हळहळण्यापलीकडे कांहीं करूं शकत नाहीं. वाइनमध्यें तो बंद पडला तर 'कां' असें विचारतां येतें, कारण त्याचा सर्व मजकूर वाचावयास खुला आहे. काय केलें असतां काय घडलें, कोणत्या आवृत्तींत घडलें, मागील आवृत्तींत घडत होतें काय, एवढें नेमकें लिहून कळविणें हेंहि त्या कार्यास मोठें साह्य आहे. आणि असें नेमकें लिहितां येणें हीच अर्धी विद्या आहे. तुमच्यापैकीं एखाद्यास पुढें प्रोग्रॅम लिहितां येऊं लागले, तर दुरुस्ती पाठविण्यास कोणाच्या शिफारसपत्राची गरज पडत नाहीं. काम कसोटीस उतरलें पाहिजे, एवढीच अट आहे. कंपनीनें म्हातारा ठरविलेला संगणक तुमच्या घरीं असेल तर त्याची धूळ झटका. भंगारवाल्याच्या तराजूंत त्याची किंमत फार थोडी होईल; शिकूं इच्छिणाऱ्या मुलाच्या हातीं मात्र त्याचें मोल अजून पूर्ण आहे.